धाकू मेस्त्रीचं बिनदातांचं चाक

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. त्या गावात धाकू नावाचा एक मेस्त्री राहत होता. होड्या बांधणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. किनाऱ्यावर माडांच्या सावलीत त्याचा मांगर होता. मांगर म्हणजे होड्या बांधायची झावळ्यांनी शाकारलेली मोठी, मोकळी जागा. तिथल्या कुडाला लहानापासून मोठ्यापर्यंत करवती टांगलेल्या असत. सकाळी आल्यावर धाकू आधी करवतींकडे पाहायचा, मग माणसांकडे.

लाकडाच्या कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. असं गाव म्हणायचं आणि धाकू स्वतःही म्हणायचा. गाव कधीमधी म्हणायचं. धाकू रोज म्हणायचा.

पण दिवस बदलले. चांगलं लाकूड मिळेनासं झालं आणि गावात फायबरच्या होड्या आल्या. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर रेझिन, पुन्हा कापड, पुन्हा रेझिन, असे थर बसवून केलेल्या होड्या. हलक्या, गुळगुळीत, कीड न लागणाऱ्या. धाकूने त्यांनाही आपली लाकडाचीच करवत लावली. एका दुपारीत करवतीचे दात बोथट झाले, कारण काच दात खाते. कापाची कड घुशीने कुरतडल्यासारखी झाली आणि वरच्या चकचकीत थराचे टवके उडाले. धाकूने काय करावं? त्याने त्या कडेवर सागवानी पट्टी ठोकली. पट्टी त्याने इतकी सुरेख घासली, इतकी चमकवली, की लोक पट्टीच पाहत राहिले. खाली काय आहे ते पट्टीला ठाऊक होतं आणि धाकूला.

अशी सात वर्षं गेली. मग चित्कला परत आली.

चित्कला त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. शेजारच्याच घरात वाढलेली. ती आयटीआय शिकली, दूरच्या एका बंदरात फायबरच्या होड्यांच्या कारखान्यात तीन वर्षं राबली आणि एक निळी लोखंडी पेटी घेऊन गावी आली. मांगराच्या पलीकडे चार वासे रोवून तिने ताडपत्री बांधली आणि काम सुरू केलं. काकाला तिने विचारलं नाही. फक्त सांगितलं.

"काका, लाकूड तुम्ही बघा. फायबर मी बघते."

साधं वाक्य होतं. पण धाकूला ते जेवतानाही ऐकू येऊ लागलं.

आणि लोक तिच्याकडे जाऊ लागले. आधी एक जण गेला, तोही चोरून. मग दोघे गेले, उघड. धाकू मांगरात बसून मोजायचा. आज तिच्याकडे कोण गेलं, किती वेळ बसलं, परत येताना हसत होतं का. हातात रंधा असायचा, पण रंधा पुढे सरकायचा नाही.

एके दिवशी सकाळी ताडपत्रीखालून यंत्राची किंचाळी उठली. धाकू बाहेर आला आणि पालथ्या घातलेल्या एका होडीच्या आड उभा राहिला. पुढे जाऊन पाहणं त्याच्या मानाला शोभलं नसतं. न पाहणं त्याच्या जिवाला जमलं नसतं.

चित्कला एका छोट्या होडीच्या डेकवर चौकोनी झडप कापत होती. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. काचेची धूळ उडू नये म्हणून भोवती ओली पोती अंथरलेली. तिच्या हातात ग्राइंडर होता आणि ग्राइंडरला एक चाक होतं. धाकूने डोळे बारीक केले. त्या चाकाला दातच नव्हते. आणि तरी ते फायबरमधून असं जात होतं, जशी पिकल्या पपईतून सुरी जावी.

किंचाळी थांबली. थोड्या वेळाने कापलेला तुकडा अलगद निघाला. पाच-सहा माणसं जवळ गेली. त्यांनी कडेवरून बोटं फिरवली.

"धाकू मेस्त्रीच्या कापावर पट्टी मारावी लागते," त्यांतला एक म्हणाला. "हिच्या कापावर पोर झोपवावं."

सगळे हसले. हसण्यात द्वेष नव्हता. पण धाकूच्या पोटात निखारा पडला.

तो उभा होता तिथून ती होडी पंधरा पावलांवर होती. पंधरा पावलं चालून गेला असता, तर त्या चौकोनात त्याला आणखी काहीतरी दिसलं असतं. पण जवळ जाऊन पाहणं म्हणजे वाखाणणं, असं त्याला वाटलं. ती दोन्ही वेगळी असतात, हे त्याला त्या क्षणी कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो पाठ फिरवून मांगरात गेला. डोळ्यांपुढे एकच गोष्ट नाचत होती. बिनदातांचं चाक.

दुपारी ताटावर तो नुसताच बसून राहिला. बायको म्हणाली, "काय झालं? आमटी खारट झाली?"

"आमटी ठीक आहे. पोरगी खारट झाली आहे."

"चितू? मग जाऊन विचारा ना तिला, कसं कापते ते."

"मी? तिला?" धाकूने ताट सरकवलं. "होडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे मी शिकवलं तिला!"

"तुम्ही शिकवलंत, कारण तिने विचारलं होतं," बायको म्हणाली. "विचारून ती लहान झालेली मला तरी दिसली नाही."

धाकू न जेवता उठला.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला गेला आणि हत्यारांच्या दुकानात उभा राहिला. तसलंच चाक त्याने मागितलं. मग दुकानातलं सगळ्यांत मोठं चाक मागितलं आणि ते फिरवायला सगळ्यांत मोठा ग्राइंडर. पुतणीचं चाक तळहाताएवढं, तर आपलं ताटाएवढं हवं. दुकानदाराने विचारलं, "मेस्त्री, कापायचं काय आहे? त्याप्रमाणे देतो."

"ते माझं मी बघतो. तू चाक दे."

दुकानदाराने चाक दिलं.

आता त्या गावची एक रीत सांगायला हवी. पाण्यात जाऊन आलेली होडी कापायची, तर कुणीही उठून तिला हत्यार लावत नसे. मेस्त्री आपली हत्यारं होडीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापाशी, पोत्यावर मांडायचा. होडीचा तांडेल, म्हणजे तिला समुद्रात नेणारा म्होरक्या, एकेक हत्याराला हात लावायचा आणि मेस्त्री ते काय करतं ते सांगायचा. सगळं ऐकून तांडेल एक हत्यार उचलायचा, कपाळाला लावायचा आणि मेस्त्रीच्या हातात द्यायचा. ज्याच्या हातात हत्यार दिलं, तो त्या होडीचा मेस्त्री. पुढे तांडेल दुसऱ्या कुणाच्या हातात हत्यार देईपर्यंत तिचं प्रत्येक काम त्याचं. रीत शहाण्याने घातली होती. पण धाकूच्या काळात गावात दुसरा मेस्त्रीच नव्हता, त्यामुळे हत्याराला हात लावून काही ऐकणं थांबलं होतं. पोतं पसरायचं, नारळ ठेवायचा, हसायचं आणि हत्यार धाकूला द्यायचं, एवढंच उरलं होतं.

श्रावण लागला. होड्या पाण्यात जायला दहाच दिवस होते. बाबल तांडेलाची 'शेवंती' ही गावातली सगळ्यांत मोठी फायबरची होडी. बाबलला तिच्या डेकवर बर्फाच्या खणासाठी मोठं चौकोनी तोंड कापून हवं होतं. त्याने रीतीप्रमाणे निरोप धाडला. पण या वेळी एक नव्हे, दोन निरोप धाडले.

दोन पोती पसरली गेली. गाव जमलं.

धाकूने मध्यभागी ताटाएवढं चाक ठेवलं. बाकी हत्यारं त्याने बाजूला सारली होती, जणू ती आता नात्यातली नव्हतीच. चित्कलाने आपल्या पोत्यावर बरंच काही मांडलं. छोटं चाक, बारीक पात्याचं यंत्र, चिकटपट्टी, घासायचे कागद, रेझिनचा डबा, मास्क. आणि एक वाटीसारखी गोल करवत, ड्रिलला लावायची.

बाबल आधी धाकूच्या पोत्याजवळ गेला. "मेस्त्री, हे काय करतं?"

"हे सगळं करतं," धाकू म्हणाला.

लोकांनी माना डोलावल्या. मग बाबल चित्कलाच्या पोत्याजवळ आला.

"चाक सरळ रेघेसाठी. कडेला हिऱ्याची पूड असते, ती काच घासून कापते," ती म्हणाली. "पण कोपऱ्याच्या चार बोटं अलीकडे ते थांबवायचं. चिकटपट्टी रेघेवर, म्हणजे वरचा थर उडत नाही. आणि ही वाटी कोपऱ्यांसाठी. चारही कोपऱ्यांवर आधी गोल भोकं पाडायची, मग..."

"गोल?" धाकू मोठ्याने हसला. "बाबल, तुला चौकोन हवा ना? माझ्या बापाने मला पहिला मार दिला तो कोपरा काटकोनात आला नाही म्हणून. गोल भोकं उंदीर पाडतात, मेस्त्री नाही."

सगळा किनारा हसला. चित्कलाचे कान लाल झाले.

"हसून झालं असेल तर कारण सांगते, काका."

"पोरीकडून कारणं ऐकण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही!"

पुन्हा हसणं. खरं तर तेव्हाच तिने ओरडून सांगायला हवं होतं. पण तीही त्याच घरातली. तिने ओठ आवळले आणि बाबलकडे पाहिलं. बाबल घुटमळला. वाटीकडे त्याने एकदा पाहिलं, धाकूच्या पांढऱ्या केसांकडे दोनदा पाहिलं. मग त्याने ताटाएवढं चाक लावलेला ग्राइंडर उचलला, कपाळाला लावला आणि धाकूच्या हातात दिला.

"तांडेलकाका, तुम्ही केस बघून होडी दिलीत," चित्कला म्हणाली, पोतं गुंडाळलं आणि निघून गेली.

धाकू डेकवर चढला. मास्क त्याने लावला नाही. ओली पोती अंथरली नाहीत. आयुष्यभर लाकडाचा भुसा नाकात गेला होता आणि त्याला तो सुवासच वाटत आला होता. त्याने यंत्र सुरू केलं. ताटाएवढं चाक गर्जना करत फायबरमध्ये शिरलं आणि रेघ झरझर कापली गेली. धाकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पांढऱ्या धुळीच्या ढगात तो हसत होता आणि खोकत होता.

मग कोपरा आला.

चाक गोल असतं. वरच्या बाजूला ते कोपऱ्यापर्यंत पोचतं, तेव्हा खालच्या बाजूला ते अजून मागेच असतं. वरून पाहिलं तर काप पूर्ण, खाली हात घालून पाहिलं तर चार बोटं शिल्लक. आणि चाक जेवढं मोठं, तेवढं हे अंतर मोठं. धाकूला हे पहिल्याच कोपऱ्यावर कळलं. तिथे तो थांबू शकला असता. खाली उतरून ताडपत्रीकडे जाऊ शकला असता. पण खाली सगळं गाव उभं होतं.

त्याने चाक कोपऱ्याच्या पुढे दामटलं. खालची बाजू सुटली, पण वर कोपऱ्याबाहेर चार बोटं लांब चीर पडली. दुसऱ्या बाजूने कापताना आणखी एक. चारही कोपऱ्यांना मिळून आठ चिरा, मांजराच्या मिशांसारख्या बाहेर आलेल्या. चौकोन मात्र काटकोनात होता. त्याच्या बापाने मारलं नसतं.

गाव घरी गेल्यावर धाकूने चिरांमध्ये भेगा बुजवायची लांबी भरली, वर रंग मारला आणि त्यावर रुंद सागवानी पट्टी बसवली. पट्टी त्याने इतकी चमकवली, की बाबलने तिच्यात तोंड पाहून मिशी नीट केली. नारळ धाकूला मिळाला. नंतर तीन दिवस धाकूचं अंग खाजत होतं आणि तीन दिवस तो बायकोला सांगत होता की डास फार झालेत.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. आता धाकूला बरं वाटायला हवं होतं. पण वाटत नव्हतं. ताडपत्रीखालची किंचाळी रोज ऐकू येई आणि तो रोज बाहेर येऊन त्या पालथ्या होडीच्या आड उभा राही. जिंकूनही पोटातला निखारा विझला नव्हता. उलट आता त्याला एक भीतीही येऊन मिळाली होती.

समुद्रात होडी दगडासारखी स्थिर नसते. लाटेवर ती पिळते, दबते, पुन्हा सरळ होते. दिवसातून हजार वेळा. त्या पिळण्याचा सगळा जोर टोकदार कोपऱ्यावर येऊन बसतो आणि तिथे चीर असेल तर तिच्यातून पुढे धावतो. कोपरा गोल असेल तर तो जोर वळणावरून वाटला जातो. चित्कलाला हेच सांगायचं होतं, आणि पंधरा पावलांवरच्या तिच्या त्या चौकोनाचे कोपरेही गोलच होते.

तीन आठवड्यांनी भर दुपारी 'शेवंती' जाळं अर्धवट टाकून परत आली. बर्फाच्या खणात गुडघाभर पाणी होतं. बाबलचा चेहरा उतरला होता. ओहोटीला होडी वाळूवर ओढली. बाबलने स्वतः पहार घालून ती चमकणारी सागवानी पट्टी उखडली.

खाली आठ चिरा होत्या. सात तशाच होत्या. आठवीतून एक तडा निघाला होता आणि डेकवरून वाकडातिकडा धावत थेट होडीच्या कुशीकडे गेला होता.

सगळ्यांनी धाकूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" धाकू म्हणाला. "चाक हिच्या चाकासारखंच होतं. ही असली चाकंच वाईट. मी आधीच म्हणत होतो."

"काका, चाक आणलंत, पण..." चित्कला बोलता बोलता थांबली. बाबल तिच्यापुढे येऊन उभा राहिला होता.

"चितू, होडी वाचेल?" त्याने विचारलं. "खरं सांग. वाचणार नसेल तर तसं सांग. सहा घरं आहेत हिच्या जिवावर."

"वाचेल. पण आधी तड्याचं टोक सापडायला हवं. टोकावर भोक पाडलं की तडा तिथेच अडतो. मग कोपरे गोल करून, घासून नवे थर बसवता येतील. टोक चुकलं तर तडा भोकाला वळसा घालून पुढे जाईल, आणि ते समुद्रातच कळेल."

तिने ओल्या फडक्याने डेक पुसला आणि वाकून पाहिलं. डोळ्यांना दिसणारं टोक एका जागी संपत होतं. पण वरचा थर अखंड असला तरी आतले थर सुटलेले असू शकतात, हे तिला ठाऊक होतं. तिने बोटांनी ठोकून पाहिलं. एकदा, दोनदा. तिला सगळीकडे एकच आवाज आला.

मग तिने मान वर केली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काका, मला आवाजातला फरक कळत नाही. तुम्हाला कळेल. चाळीस वर्षं तुम्ही लाकूड ठोकून आतली पोकळी सांगता. बघता का जरा?"

धाकू चमकला. सगळ्या गावासमोर ही पोरगी म्हणत होती की मला कळत नाही. म्हणताना तिचा आवाजही कापला नाही.

तो डेकवर गेला, गुडघे टेकले आणि बोटाच्या पेराने ठोकू लागला. टक, टक. भरीव. थोडा पुढे. टक. आणि मग दिसणाऱ्या टोकाच्या पुढेही चार बोटं आवाज बसका आला. आणखी पुढे तो पुन्हा भरीव झाला. तडा आतून तिथवर गेला होता. गावात हे ओळखणारा कान एकच होता आणि तो धाकूच्या डोक्याला होता.

तेव्हा पोटातला निखारा त्याच्याशी बोलला. तिला डोळ्यांना दिसतं तेच टोक दाखव. ती तिथे भोक पाडेल. महिन्याने तडा पुन्हा धावेल, आणि गाव म्हणेल, दोष धाकूचा नव्हता. तिलाही जमलं नाही.

धाकूने बोट ठेवलं. दिसणाऱ्या टोकावर.

"इथे."

चित्कलाने मान डोलावली. एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. पेन्सिलीने तिथे फुली मारली, मास्क लावला, भोवती ओली पोती टाकली आणि ड्रिल फुलीवर टेकवलं. बाबल बाजूला उभा होता. धाकूकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो होडीच्या कुशीवरून हात फिरवत होता, तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा.

ड्रिल घुरघुरलं.

"थांब!" धाकू ओरडला.

ड्रिल थांबलं. चित्कलाने मास्क खाली ओढला.

"चार बोटं पुढे," धाकू म्हणाला. "टोक तिथे आहे."

"मग आत्ता इथे का म्हणालात?"

धाकूने किनाऱ्याकडे पाहिलं. सगळं गाव उभं होतं. कोपरा कापताना होतं तेवढंच. आठ चिरा तेव्हा झाकता आल्या होत्या. आता झाकायला काही नव्हतं.

"तुझं काम फसावं म्हणून," तो म्हणाला. "आणि बाबल, चाकाचा काही दोष नाही. कोपऱ्यापुढे मीच नेलं ते. मला दिसलं होतं. मी लांबी भरली, रंग मारला आणि तुझ्याकडून नारळ घेतला."

बाबलचा हात थांबला. तो काय करील, याचा क्षणभर कुणालाच अंदाज येईना. मग त्याने चित्कलाच्या हातातलं ड्रिल घेतलं, कपाळाला लावलं आणि पुन्हा तिच्याच हातात दिलं. एवढ्याने 'शेवंती'चा मेस्त्री बदलला.

चित्कलाने चार बोटं पुढे भोक पाडलं. आत खरोखरच थर सुटले होते. त्याच्या पुढे ते घट्ट होते. तडा अडला. मग तिने ड्रिलला वाटी लावली आणि चारही कोपरे गोल कापले. आठही चिरा त्या वळणांत कापून गेल्या. खण थोडा मोठा झाला, झडप नवी करावी लागणार होती. धाकू खाली उतरला नाही. ती 'सरका' म्हणाली तेवढाच सरकला.

ऊन कलल्यावर काम थांबलं. माणसं पांगली. चित्कला हत्यारं पुसत होती. धाकू अजून तिथेच होता.

"काका, तुम्ही थांब म्हणालात म्हणून होडी वाचली," ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "पण आधी बोट कुठे ठेवलंत, ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस." धाकू वाटीकडे बघत म्हणाला, "चितू, ती वाटी तू सुरुवातीला उलटी फिरवलीस. मग सुलटी. उलटी का?"

चित्कलाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हे महिन्यापूर्वी विचारलं असतंत तर?"

"तेव्हा पोटात आग होती."

"आणि आता?"

"आताही आहे," धाकू म्हणाला. "पण तू सांग."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने पुन्हा वाटी हातात घेतली आणि त्याला दात दाखवले. उलटी फिरवली की दात चावत नाहीत, नुसती रेघ ओढतात. वरचा थर टवका न उडता कापला जातो. मग सुलटी फिरवायची. धाकूने वाटी हातात घेऊन आधी उलटी फिरवून पाहिली, मग सुलटी, आणि दातांवरून अंगठा फिरवला. मग दुसरा प्रश्न विचारला.

तात्पर्य: मत्सराला दुसऱ्याच्या हातातलं हत्यार दिसतं, त्यामागची विद्या दिसत नाही. पोटात आग असली तरी जवळ जाऊन विचारावं. ज्याला विचारायची लाज वाटते, त्याचं वय कितीही असो, तो स्वतःचं तर नुकसान करतोच, शिवाय त्याच्या भरवशावर समुद्रात गेलेल्यांचंही करतो.